काडीच्या मापाचे बूट

घरातल्या लेकरांच्या चपला आणायचं काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा ते सासूकडे होतं. ती गेल्यावर माझ्याकडे आलं आणि मी ते कोणाला दिलं नाही. लेकरांना बाजारात न्यायची आमच्यात पद्धत नव्हती. चार लेकरं बाजारात नेली की एक भज्यासाठी रडणार, एक हरवणार आणि चपला राहून जाणार. म्हणून काडीचं माप. तुरीची वाळलेली काडी, आम्ही तिला तुराटी म्हणतो, ती घ्यायची. लेकराच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची, वर दोन बोटं वाढ सोडायची आणि मोडायची. कोणती काडी कोणाची ते कळावं म्हणून चिंधी बांधायची. बाजारात ती काडी चपलेत ठेवून पाहायची. बसली की चप्पल घ्यायची.

दोन बोटं वाढ सोडलीच पाहिजे असा आमचा कायदा होता. पहिल्या वर्षी चप्पल मोठी, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी धाकट्याला. माझी तिन्ही लेकरं अशीच वाढली. चाळीस वर्षांत मी एक जोड परत नेला नाही आणि हे मी सगळ्यांना सांगत असे. कोणाच्या पायाला चप्पल लागते का, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

माझी नात, थोरल्या लेकाची मुलगी, तेव्हा सातवीत होती. अंगानं काडी. पाय मात्र लांब, गुडघ्याखाली घट्ट. आमच्या वावरात रोही फार येतात. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं जनावर, एका रात्रीत हरभऱ्याचं वाटोळं करतं. मोठी माणसं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून डबे वाजवतात. ही पोरगी डबा वाजवत नसे. ती सरळ रोह्याच्या मागे सुटायची, अनवाणी, ढेकळांतून. रोही नाल्यापार जाईपर्यंत थांबायची नाही. परत आल्यावर तिला धापही फार लागलेली नसायची. मी तिला या कामाबद्दल कधी शाबासकी दिली नाही, पण तिला पळताना पाहायला हातातलं काम थांबवत असे.

शाळेत पळायच्या स्पर्धा झाल्या आणि दुसऱ्या दिवशी खेळाचे सर घरी आले. सोयाबीनची सोंगणी चालू होती. मी विळ्याला धार लावत ओट्यावर बसले होते.

"आजी, तुमची नात मले तालुक्याले पाह्यजे," सर म्हणाले.

"कायले? इथं काम कमी हाय का?"

"सहाशे मीटर पळाली. पोरायलेही मागं टाकलं तिनं."

"रोह्याले मागं टाकते थे. पोरायचं काय घेऊन बसले?"

"पन बूट लागतीन, आजी. तालुक्याचं ग्राउंड मुरमाचं हाय. बारीक गोटे हायेत."

"मी जलमभर मुरमातूनच चालली, मास्तर."

"तुमी चालल्या. हिले पळाचं हाय."

 मी म्हटलं, आणते.

पोरगी आत गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी तुराटी घेतली, म्हटलं पाय पुढे कर. तिनं बसल्या बसल्या उजवा पाय लांब केला. मी माप घेतलं, दोन बोटं सोडली, काडी मोडली. डाव्या पायाकडे पाहिलंही नाही. देवानं दोन पाय दिले ते सारखेच दिले, असं मी धरून चालले होते.

आमच्या तालुक्याच्या, वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारात एक जण दोरीला बूट टांगून विकतो. त्यात एक गुलाबी जोड होता. टाच आपटली की लाल दिवा लागायचा.

"मावशी, पळाचाच बूट हाय. घातला का हवेत चालते लेकरू," तो म्हणाला.

काडी ठेवून पाहिली. बसली. घेतला. घरी आणून पुढच्या टोकात कापूस कोंबला, घरचा, सरकी काढलेला. वाढीची जागा अशी भरून काढायची आमची जुनी रीत. पोरीनं बूट घातले, अंगणात टाच आपटून दिवा लावून पाहिला.

"कसे हायेत?"

"चांगले हायेत, आजी."

माझा लेक म्हणाला, "माय, मोठे वाटून राह्यले."

"तुह्या चपलाही मोठ्याच होत्या. मेला का तू?"

तो बाहेर निघून गेला.

तालुक्याच्या स्पर्धेला मी गेले नाही. सोंगणीचे मजूर मिळत नव्हते, मीच वावरात होते. संध्याकाळी सरांनी तिला मोटारसायकलवर आणून सोडलं. दुसरी आली होती. पहिल्या दोघी जिल्ह्याला जाणार होत्या. घरात सगळ्यांना गूळ वाटला. पोरगी गूळ खाऊन लवकर झोपली. मला वाटलं, दमली.

सकाळी मी मागच्या अंगणात गेले तर ती दगडावर मोजे घासत होती. पाणी लाल होतं.

"इकडं ये. पाय दाखव."

"काई नाई झालं, आजी."

"दाखव म्हनतो नं."

दोन्ही टाचांची कातडी निघाली होती. अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती. मी बूट आणून हात घातला. कापसाचा गोळा होऊन घामानं गोट्यासारखा कडक झाला होता आणि बोटांखाली सरकला होता. मोठ्या बुटात तिचा पाय मागे-पुढे होत राहिला. मागून बूट घासत होता, पुढून गोळा ठोकत होता. अशा पायानं ती दीड फेरी पळाली, आणि दुसरी आली. मी बैलाच्या खुरातून खिळे काढलेत. मोठमोठी माणसं पायात सराट्याचा काटा मोडला की धुऱ्यावर बसून बोंबलतात, ती पाहिलीत. असं पोट्टं मी पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडावर मी हे बोलले नाही.

"काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू?"

"लागते म्हनून."

"तू म्हनली असती, नवा बूट लागतेच."

मी नेमकं तेच म्हटलं असतं.

दुपारी सर आले. त्यांनी टाचा पाहिल्या, बूट पाहिले, कापूस पाहिला. बोलले कमी, पण जे बोलले ते सरळ बोलले.

"जिल्ह्याले बारा दिवस हायेत, आजी. आठ-नऊ दिवसांत टाच भरली आन् बूट नीट भेटला तं हे पळन. नाई तं तिसऱ्या नंबरच्या पोरीले न्या लागन. थे पन वाट पाहून राह्यली."

पोरगी दाराआड उभी होती. तिनं ऐकलं आणि आत गेली. रडली नाही. जेवलीही नाही. सुनेनं ताट वाढलं ते तसंच झाकून ठेवावं लागलं.

"आन् नवा बूट अगोदरच्या दिवशी आनून चालत नाई," सर जाताना म्हणाले. "पायाले सवय होऊ द्या लागते."

माझ्यामुळे झालं होतं, तर निस्तरायचंही मलाच होतं. दुसऱ्या दिवशी मी मालेगावला गेले. या वेळी बाजारात नाही, स्टँडजवळच्या पक्क्या दुकानात जायचं ठरवलं. आणि मी काय नेलं? काडी. फक्त वाढ सोडली नव्हती, अगदी पायाएवढी मोडली होती. मला वाटलं, चूक वाढीची होती, ती मी सुधारली.

त्या दुकानात एक बाई बसते. नवऱ्यामागे दुकान तीच पाहते. पन्नाशीची असेल. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोटांना चिकटवायच्या सोल्युशनचा वास. मी काडी तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?" ती म्हणाली.

"माप. नातीचं. पळाचे बूट पाह्यजे."

"काडी पळनार हाय का पोरगी?"

"बाई, चाळीस वर्सं याच मापानं आनून राह्यली मी."

"चपला आनल्या असतीन. चपलीत पाय मोकळा असते, चाललं. बुटात पाय कोंडला जाते. काडी लांबी सांगते. रुंदी सांगते का? कोनता पाय मोठा हाय थे सांगते का?"

"दोन्ही पाय सारखेच असतात."

"तुमचे दाखवा."

मी रागानं चप्पल काढली. तिनं माझे दोन्ही पाय फरशीच्या एका रेघेवर टाचेकडून जुळवले. माझा डावा पाय उजव्यापेक्षा नखभर पुढे होता. सत्तर वर्षं मी त्यांच्यावर चालले आणि मला माहीत नव्हतं.

"उद्या पोरीले घेऊन या," ती म्हणाली. "संध्याकाळी आना. दिवसभर फिरलेला पाय पसरते. सकाळचा पाय खोटं सांगते. आन् पळताना जे मोजे घालन तेच संग आना."

"तिची टाच सोललेली हाय. कायले हिंडवू तिले?"

"सोललेली हाय म्हनूनच. माह्या बुटानं अजून सोलली तं शिव्या मले देसान."

"आज देऊन टाका. बसला नाई तं वापस आनीन."

"काडीले बूट देत नाई मी."

मी तणतणत बाहेर आले. गिऱ्हाइकाला परत पाठवणारी दुकानदारीण मी पहिल्यांदा पाहिली. चार दुकानं टाकून दुसऱ्या दुकानात गेले. तिथला माणूस मोबाइल पाहत होता. त्यानं माझी काडी एका बुटात घातली, "फिट" म्हणाला आणि डबा बांधायला लागला. कोणाचा पाय, किती वर्षांचं लेकरू, कुठं पळणार, काही नाही. कालपर्यंत मला हा दुकानदार शहाणा वाटला असता. मी त्याला म्हटलं राहू द्या, आणि घरची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोरीच्या टाचांना स्वच्छ फडकं गुंडाळलं, चपला घालून तिला नेलं. बाई आम्हाला पाहून हसली नाही की "आल्या का" म्हणाली नाही. तिनं पोरीला बाकावर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घातली. पोरीचा पाय उचलून मांडीवर घेतला. पोरीनं पाय झटकन मागे घेतला. आमच्यात मोठ्या बाईला पाय लावत नाहीत, तिच्या मांडीवर पाय ठेवणं तर दूरच.

"पाय नोको देऊ," मीही म्हटलं. "आईएवढी बाई हाय थे."

"आजी, डॉक्टर हात धरल्याबिगर नाडी सांगते का?" बाई म्हणाली. "दे वो बाई पाय. मले पाप नाई लागत आन् तुलेही नाई."

तिनं फडकं सोडलं, टाच पाहिली. तोंडानं चक् केलं, पण विचारलं काही नाही. मग अंगठ्यानं पाय दाबत गेली, टाचेपासून चवड्यापर्यंत, हळू. मी नाडी पाहणारे वैद्य पाहिले आहेत, त्यांच्यापेक्षा तिचा हात सावध होता. मग पोरीला कागदावर उभं केलं आणि दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवली.

"बसून माप घ्याचं नाई," ती मला म्हणाली. "उभं राह्यलं का वजनानं पंजा पसरते. हे पाहा, डावा मोठा हाय. मोठ्या पायाचा बूट घ्या लागते, लहान्याचा नाई."

कागदावरचे पाय मी पाहिले. पुढून चांगलेच रुंद होते.

"हा वावरातला पाय हाय," बाई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं, जसं माणूस चांगला बैल पाहून बोलतो. "लहानपनापासून उघडा फिरला. बोटं कशी मोकळी हायेत पाहा. माह्याकडं लेकरं येतात, त्यायची बोटं एकमेकायवर चढेल असतात, अरुंद बुटानं. ह्या पायाले आवळाचं नाई."

मी मांडणीवरून एक लाल चकचकीत जोड काढला. "हा पाहा नं. चांगला जाड हाय."

तिनं तो हातात घेऊन टोक आणि टाच धरून वाकवला. बूट मधोमध मोडला.

"तुमचा पाय इथं मोडते का?"

"नाई."

"पाय चवड्यापाशी मोडते. बूट पन तिथंच मोडला पाह्यजे. मधात मोडला का तळवा दुखते. आन् जाड म्हंजे जड. हे पोट्टी पळाले चालली, पेरनीले नाई."

मग तिनं जोड काढायला सुरुवात केली. एक घातला. "कसा हाय?" पोरगी म्हणाली, "बरा हाय." दुसरा घातला. "बरा हाय." तिसरा. "बरा हाय." तिसरा तर मला दिसत होता, बाजूनं फुगला होता. बाईनं पोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, तुमी समोर चहा पिऊन या."

"मले नाई पाह्यजे चहा."

"मंग नका पिऊ. पन बाहीर जा."

मला आजवर कोणी दुकानातून बाहेर काढलं नव्हतं. मी पोरीकडे पाहिलं. ती फरशीकडे पाहत होती, "नको जाऊ" म्हणाली नाही. मी निघाले.

रस्त्यापलीकडच्या टपरीपाशी उभी राहिले. तिथून दुकान दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. बाईनं पोरीपुढे आणखी एक जोड ठेवला. मग माझी नात बोलायला लागली. हात हलवून बोलत होती, टाच दाखवत होती, बोटं दाखवत होती, एकदा तर हसली. घरी आठ दिवसांत बोलत नाही तेवढं तिथं बोलली. बाई मान हलवत ऐकत होती आणि मध्येच एखादा जोड बाजूला सारत होती.

नंतर पोरगी बूट घालून रस्त्यावर आली. बाईनं तिला हातानं दाखवलं, त्या कडुनिंबापर्यंत पळ आणि ये. ती पळाली. ऑटोवाले पाहायला लागले. एकानं शिटी मारली, तशी बाई दुकानातून ओरडली, "काहून रे, तुही सवारी हाय का थे?" तो ऑटोत जाऊन बसला. पोरगी परत आली आणि मान हलवली. नाही. माझ्यापुढे जिच्या तोंडून तीन जोडांना "बरा" निघालं होतं, ती दुकानदारणीला नाही म्हणत होती. दुसरा जोड. परत कडुनिंब. परत नाही. बाई एकदाही कंटाळली नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती, त्यांना तिनं बसा म्हटलं. चौथ्या की पाचव्या जोडाला पोरगी सुटली ती कडुनिंबापाशी थांबलीच नाही. पार स्टँडच्या फाटकापर्यंत गेली. बाई दारात उभी राहून पाहत होती. तिनं मला हात केला, या.

मी गेले. साधे करडे बूट होते, दिवा नाही, चमक नाही.

"हे पोराचे हायेत," मी म्हटलं.

"पोरायचा बूट पुढून रुंद असते. पायाले काय माहीत कोनाचा हाय?"

"एक नंबर वाढता द्या. वर्सभरात पाय वाढन तिचा."

"पाहा, हा अंगठा." तिनं पोरीला उभं करून बुटाच्या टोकावर आपला अंगठा आडवा ठेवला. "तिच्या मोठ्या बोटापुढं एवढीच जागा. पळताना पाय पुढं सरकते, त्याच्यासाठी हे. बाकी वाढ पिकाले होऊ द्या, बुटाले नाई."

"सा महिन्यांत लहान होतीन हे."

"होतीन. मंग लहान्या लेकराले द्याचे आन् इकडं याचं. टाचा पन नव्या घेता येतात का दुकानात?"

भाव मला जास्त वाटला. मी कमी करायला सांगितला, तिनं केला नाही. उलट नाडी बांधायची रीत शिकवायला आणखी पाव तास घालवला. सगळ्यात वरचं भोक आम्ही सोडून देतो, त्यातून नाडी आडवी ओढून घेतली तर टाच बुटात उचलत नाही. पोरीकडून तिनं ते तीनदा करून घेतलं. मग म्हणाली, "टाच भरल्याबिगर घालाचा नाई. मंग दोन दिवस घरात चालाचं, फरशीवर. मंग हळू पळाचं. जोरात थे शेवटी."

घरी पाच दिवस हळद-तेल चाललं. सहाव्या दिवशी टाचेवर कोरडी, गुलाबी कातडी आली. पोरीनं बूट घातले आणि घरात फिरायला लागली. आमच्या घरात पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. सून स्वयंपाकघरातून ओरडली, "आत्याबाई, पाहा वो, चुलीपाशी बूट घालून आली हे!"

"येऊ दे. नवे हायेत. जमिनीले लागले नाईत अजून."

"मालेगावच्या रस्त्यानं पळाली नं त्याच बुटानं?"

"पुसले मी."

मी खरंच पुसले होते, ओल्या फडक्यानं, तळवेसुद्धा. माझी सासू असती तर तिनं आम्हा दोघींना बुटासकट अंगणात काढलं असतं.

रोज संध्याकाळी मी पोरीचा पाय तपासायला लागले. "लागते का" हे तिला विचारायचं मी सोडलं होतं. त्याचं उत्तर मला पाठ होतं. मी बाईसारखं खाली बसून पाय मांडीवर घ्यायची आणि टाच अंगठ्यानं दाबायची. पहिल्या दिवशी ती लाजली. दुसऱ्या दिवशी एका जागी दाबल्यावर तिची पोटरी ताठली. मी मोजा उलटा करून पाहिला, आतली शिवण तिथंच येत होती. मोजा उलटा घालायला लावला. मग ताठली नाही.

नवव्या दिवशी सर आले. शाळेमागच्या पांदणीच्या कच्च्या वाटेनं तिला दोनदा पळवलं, दुसऱ्यांदा जोरात. मग बूट काढायला लावून टाच पाहिली. आम्ही सगळे तिथं उभे होतो, सून हातातलं पीठ न धुताच आली होती. टाच कोरडी होती.

"यादीत नाव ठेवतो हिचं," सर म्हणाले.

पोरगी घरी गेली आणि तीन भाकरी खाल्ल्या.

जिल्ह्याच्या स्पर्धेला वाशीमला मात्र मी गेले. सोंगणी अजून उरली होती, म्हटलं उरू दे. मोठं मैदान, चुन्याच्या रेघा, सगळ्या तालुक्यांच्या पोरी. काहींच्या पायात भारी बूट, काही अनवाणी. मंगरूळपीरची एक उंच पोरगी होती, ती नुसती उभी असतानाच पळणारी दिसत होती. माझी नात तिच्या खांद्याला लागत होती.

शिटी झाली. पहिल्या अर्ध्या फेरीत आमची पोरगी मधात कोंडली गेली. मला बाकी कोणी दिसत नव्हतं, मी फक्त तिचे पाय पाहत होते. ते बरोबर पडत होते. टाच उचलत नव्हती, पाऊल वाकडं जात नव्हतं. ती खाली पाहत नव्हती. फेरी पूर्ण झाली तेव्हा ती सहावी होती. वळणावर तिनं बाहेरून दोघींना घेतलं. बाहेरून घेणं म्हणजे जास्त पळणं, हे मलाही कळत होतं. शेवटच्या सरळ रस्त्यावर ती रोह्याच्या मागे सुटते तशी सुटली, मान पुढे, हात कमरेशी. अजून एकीला घेतलं. मंगरूळपीरची पहिली आली. दुसरी हिच्या दोन हात पुढे होती. ही तिसरी.

पहिल्या दोघीच पुढे विभागाच्या स्पर्धेला अमरावतीला जाणार होत्या. सरांचं तोंड उतरलं. मी पोरीला खाली बसवलं, बूट काढले, मोजे काढले. टाचेवर लालीसुद्धा नव्हती. सरांना म्हटलं, पाहा. त्यांनी पाहिलं आणि तेव्हा कुठं हसले.

परतताना मालेगावला गाडी बदलायची होती. उन्हं कलली होती. मध्ये वेळ होता म्हणून दुकानात गेलो. बाईनं आम्हाला पाहताच पोरीला बाकावर बसवलं आणि पाय मागितला. टाच दाबली, नखं पाहिली. मग बूट उलटा करून तळवा उजेडाकडे धरला. बाहेरची कड घासली होती.

"बाहेरच्या अंगानं पळते हे. वळनावर फार जोर देल्ला का?"

"बाहेरून दोघी काढल्या, काकी," पोरगी म्हणाली. "सुरुवातीले मले जागाच भेटली नाई. आतून निघाले पाह्यत होती, तं एकीचं कोपर लागलं. तिथं मी उगीच थांबली."

"बूट सरकला?"

"नाई. बूट नाई सरकला. मीच घाबरली."

बाईनं मान डोलावली. कितवी आलीस हे तिनं सगळ्यात शेवटी विचारलं, बूट पुसून परत देताना. तिसरी म्हटल्यावर म्हणाली, "चांगलं हाय. हे रोज शाळेत घालू नोको. पळाच्या दिवशीच घाल." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिच्या दुकानाइतकं नीट चाललेलं काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे, आणि मी बरीच वर्षं पाहते आहे.

गाडीत पोरीला खिडकीची जागा मिळाली. तिनं बूट पिशवीत ठेवले, पाय सीटवर घेतले आणि पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईला सगळं सांगायला लागली. कुठं कोंडली, कुठं घाबरली, पुढची पोरगी किती हातांनी राहिली. त्या बाईनं विचारलं, मग हरली का? पोरगी म्हणाली, "तिसरी आली. पुढच्या वर्सी सुरुवातीलेच बाहीर निघतो मी." मी मध्ये बोलले नाही. ती शर्यत मी पाहिली होती, पळाली ती होती.